स्टेफानचा आकडा

"मोज," पपा पुन्हा म्हणाले.

वाल्बुर्गाने गुडघ्यावरचं पान उचलून त्यांच्या चष्म्यासमोर धरलं. "पपा, स्टेफानचं कालच ठरलं ना आपलं? तो मोजायचा नाही."

"तीन दिवस."

अर्धांगाचा झटका आल्यापासून प्राध्यापक लोरेन्त्स डीट्स यांच्याजवळ एवढेच शब्द उरले होते. मध्ययुगातल्या पोपांच्या आणि सम्राटांच्या नावांत ज्यांनी सगळा जन्म काढला, त्यांना आता पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

शुक्रवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. हे त्यांचं शेवटचं पुस्तक, हे डॉक्टरांनी न सांगताही सगळ्यांना कळत होतं. नावांची सूची तेवढी राहिली होती. वाल्बुर्गा पपांच्या कार्डांच्या कपाटातून एकेक खण काढून ती तपासत होती. डब्ल्यूचा खण तिने उघडलाच नव्हता. मध्ययुगात त्या अक्षराचा ना कुणी पोप झाला, ना सम्राट.

अडलं होतं ते स्टेफानपाशी. आठव्या शतकात तो पोप म्हणून निवडून आला आणि अभिषेक व्हायच्या आधी, तीन दिवसांत वारला. पुढे त्याला कुणी मोजलं, कुणी वगळलं. त्यामुळे मागून आलेल्या प्रत्येक स्टेफानला दोन आकडे चिकटले. दुसरा, कंसात तिसरा. तिसरा, कंसात चौथा. १९६१ साली रोमच्या चर्चनेच त्याला पोपांच्या यादीतून काढलं आणि प्रश्न मिटला. निदान वाल्बुर्गाच्या लेखी मिटला. ती शाळेत लॅटिन शिकवायची. चूक दिसली की तिचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जाई. ही सवय पपांनीच लावलेली.

"घाल ना गं तो एक आकडा," हेडविग आत्या खिडकीपाशी आलुबुखारचा केक कापता कापता म्हणाली. "कुणाच्या बापाचं काय जातं?"

"माझ्याच बापाचं जातं, आत्या. पुस्तकावर नाव त्यांचं आहे."

"या घराला आकड्यांचं वेडच. मांजरसुद्धा ओटो चौथा! आधीचे तिघं दूधवाल्याच्या गाडीखाली गेले, तरी मोजले की नाही?" आत्या बोलता बोलता थांबली आणि टेबलावरचे कण बोटाने गोळा करू लागली.

"आणि मी तिसरी," वाल्बुर्गा हसली.

शाळेच्या पहिल्या वहीवर पपांनी 'वाल्बुर्गा तिसरी' असं लिहून दिलं होतं. सहा वर्षांच्या वाल्बुर्गाने लगेच चूक पकडली होती. नाव आजीचं, म्हणजे आजी पहिली. मग मी दुसरी ना? पपांनी पेनाला टोपण लावलं होतं. मग म्हणाले, "योहान नावाच्या पोपांत एकोणिसाव्यानंतर एकदम एकविसावा येतो. विसावा झालाच नाही. मोजणाऱ्यांचा घोळ." तेव्हापासून वाढदिवसाच्या प्रत्येक भेटीवर तो आकडा असायचा. बापलेकीची ती आपापसातली गंमत होती. आई मात्र त्यावर कधी हसली नाही.

पपांनी धडधाकट हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर बोट टेकवलं. एकदा, दोनदा.

"मोज."

लिहायचं असेल, असं वाटून तिने त्यांच्या बोटांत पेन्सिल दिली. ती निसटून पलंगाखाली गेली.

गुरुवारी दुपारी तिने शेवटचं विचारलं. "पपा, रोमची यादी ठेवू ना? हो असेल तर डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि कानाकडे पाण्याची एक रेघ ओघळली.

"पुरे कर, वाल्बुर्गा," आत्या म्हणाली.

"मग तू सांग, काय हवंय त्यांना? त्यांनीच शिकवलं ना, जे खरं असेल तेच लिहायचं म्हणून? आता त्यांच्याच पुस्तकात त्यांच्याच हट्टापायी चूक घालू? लोक काय म्हणतील, शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं?"

आत्याने भावाकडे पाहिलं. भावाने तिच्याकडे पाहिलं.

"मला बाई पोपांतलं काय कळतंय," आत्या म्हणाली आणि एकच कप होता, तरी विसळायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी सूची गेली. वाल्बुर्गा तशीच पपांकडे आली, पलंगाशी वाकली आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "काम झालं, पपा. स्टेफान वगळला. आता एकही चूक नाही."

ती वाकताच तिच्या मनगटावर टेकवलेला हात त्यांनी काढून घेतला. मग हळूहळू, अर्धं अंग ओढत, भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. वाल्बुर्गा दोन दिवस पाठीशी बसून होती. केक आणला, सूप आणलं, सम्राटांची नावं एकेक करून वाचून दाखवली. पाठ हलली नाही. रविवारी कॅथेड्रलच्या घंटा वाजत असताना ते गेले.

दफन झाल्यावर आठवड्याने ग्रंथालयाची माणसं कार्डं न्यायला येणार होती. वाल्बुर्गाने खण रिकामे करायला घेतले. योहान, कार्ल, ओटो, स्टेफान. शेवटी डब्ल्यूचा खण. रिकामाच असणार, म्हणून तिने तो नुसता ओढून पाहिला.

आत एकच कार्ड होतं. शाई जुनी, पिवळी पडलेली. पपांचं बारीक, तिरकं अक्षर, आणि मांडणी नेहमीचीच:

"वाल्बुर्गा दुसरी, थोरली मुलगी, १९४७. गुरुवारी जन्म, शनिवारी मृत्यू. बाप्तिस्मा रविवारी ठरला होता. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, दगडाविना. मोजलेली नाही."