ट्रेवरची टकटक

"बाई, तिच्या खुर्चीच्या ट्रेला हात लावू नका. नुसती हाक मारा," कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

मी जुईच्या व्हीलचेअरमागे उभी राहून हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. जुई समोरच्या रंगीत मण्यांकडेच बघत राहिली.

विशेष मुलांच्या शाळेतल्या माझ्या वर्गात पाच वर्षं ती हाकेसरशी मान वर करायची. हातपाय ताब्यात नाहीत, बोलता येत नाही, पण कान चांगले आहेत, असं मीच सगळ्यांना सांगायचे. हाक मारण्याआधी मुलांच्या ट्रेवर दोन बोटांनी टकटक करायची माझी सवय. ट्रेवर टेकलेल्या तिच्या हातांना ती टकटक जाणवत होती. माझा आवाज कधी पोचलाच नव्हता.

"मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं तुम्हाला," तिची आई हळू आवाजात म्हणाली.

विचारलं होतं. मी तिच्यासमोर टकटक करून जुईला हाक मारली होती आणि हसून म्हटलं होतं, "बघा, येतंय की ऐकू. उगाच काळजी करता."

"तेव्हा आणलं असतं तर बरंच शिकली असती," मॅडम म्हणाल्या. "आता नऊ वर्षांची झाली. कानाच्या यंत्राने आवाज येईल, शब्द कितपत कळतील, सांगता येत नाही."

महिन्याने यंत्रं बसवली. मी वाकून म्हटलं, "जुई." ती दचकली आणि घाबरून रडायला लागली.

"अगं, बाई आहेत या. आपल्या बाई," आई तिला थोपटत पुन्हापुन्हा सांगत होती. जुईला त्यातला एकही शब्द कळत नव्हता.