आरती होईपर्यंत

वैजूवहिनींनी दोन्ही डबे हातांत तोलले. एक त्यांच्या दिवंगत नवऱ्याने जुळवलेला इंजिनाचा कॉम्प्युटर, दुसरा मी आणलेला नवा.

“भाऊजी, ह्यांच्या डब्यात वेगाला लगाम नाही. आता गाडी लेक चालवणार. नवाच बसवा.”

“म्हणजे त्याचं गाडीतलं उरलंसुरलंही पुसायचं,” कीर्तनकार सासरे पुटपुटले.

“मामंजी, नात सुखरूप हवी ना तुम्हाला?”

मी नवा बसवला.

वहिनींचा नवरा, माझा मित्र, इंजिनाचा टर्बो तापलेला असताना गाडी लगेच बंद करत नसे. “आरतीआधी कीर्तनातून उठतात का?” म्हणायचा. किल्ली काढल्यावरही इंजिन दोन मिनिटं चालून निवेल, अशी सोय त्याने जुन्या डब्यात केली होती. नव्यात मी ती ठेवली नव्हती.

घाटात फेरी मारून वहिनी परतल्या, किल्ली काढून उतरल्या. इंजिन चालूच राहिलं.

मी तारा ओढायला वाकलो. निघायला उठलेले बुवा पुन्हा बसले, मांडीवर ताल धरत म्हणाले, “राहू दे. तो बसलाय.”

दोन मिनिटांनी इंजिन थांबलं. चालकाच्या बाजूचं दार आतून हळूच उघडलं.

वहिनींनी ते लावलं आणि किल्ली शेजारी उभ्या लेकीला दिली.