कपाळावरची तुळस

निवृत्त ग्रंथपाल चांगदेवराव राहुरीच्या मोबाईलच्या दुकानात एक गाजलेला फोन उलटसुलट न्याहाळत होते. मुलगा म्हणाला होता, हाच घ्या. पण त्यांचं काही ठरेना. "कॅमेरा तर बघा, बाबा," म्हणत दुकानदाराने शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचा, मनकर्णाबाईंचा, फोटो काढला. फोटोत त्यांचं कपाळ कोरं होतं. लहानपणी आईने मांडीवर घेऊन गोंदवलेली तुळस गायब होती. "डाग फोन आपोआप काढतो," दुकानदार हसला. जन्मभर वाचनालयात कुजबुजत बोललेले चांगदेवराव ताडकन उठले. "डाग? माझी बायको म्हणजे काय धुवायला टाकलेलं धोतर आहे? तिला विचारलंत तुम्ही?" "अहो, बंद करता येतं ते." "मग चालू कुणी केलं? ठेवा तुमचा फोन!" रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "मी जास्तच बोललो का गं?" "निम्मंच बोललात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चला माघारी, ऱ्हायलेलं मी बोलते."