स्पीकरमधला घाट

गंगापूर रोडवर कारटेप बसवणाऱ्या हिरामणला काम दहा मिनिटांचं वाटलं होतं. इंजिन सुरू केलं की ललिताबाईंच्या गाडीच्या स्पीकरमधून बारीक कुईं यायची आणि रेस दिली की चढायची. अर्थिंगचा घोळ, दुसरं काय! त्याने पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंगची वायर कसून आवळली.

कुईं गेली नाही. इंजिन बंद केलं, तरी गेली नाही. मग त्याने टेपच बाहेर काढला आणि वैतागून बॅटरीची वायरही सोडली.

बंद गाडीत कुईं चढत-उतरत राहिली, कुणी गिअर बदलत असावं तशी.

"मोहदरीचा घाट," ललिताबाई हळूच म्हणाल्या. "आमचे हे तो असाच दुसऱ्या गिअरवर उतरायचे."

त्यांचे यजमान धनराज जीप घेऊन सिन्नरहून घरी निघाले, त्याला तीन वर्षं झाली होती. ना माणूस सापडला, ना जीप.

"ताई, स्पीकर काढून टाकू?"

"हात लावू नका! जीप बंद करण्याआधी ते एकदा जोरात रेस द्यायचे. तेवढी ऐकू द्या."

हिरामणने त्यांना स्टूल दिलं. आवाज घाट उतरला, नाशिक रोडच्या गर्दीत रेंगाळला, पुन्हा निघाला. पाऊण तास दोघं ऐकत बसले. मग हिरामणने चहा सांगितला, तीन कप.

कुईं खाली खाली येत थांबली.

आणि जोरात रेस दिल्याचा आवाज आला. स्पीकरमधून नाही, दुकानाबाहेरून.