कोरी सही

श्रावस्तीनं तोच प्रयोग तिसऱ्यांदा केला. डिजिटल सहीच्या जागी तिनं काहीच भरलं नव्हतं, एक अक्षरही नाही. तरी पडद्यावर उमटलं, ‘सही खरी आहे.’

उद्याच्या अतिवेगवान क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये, असं हे सही तपासणारं सॉफ्टवेअरचं कुलूप. देशोदेशीचे लोक ते विश्वासानं वापरत होते. आणि आज कुणीही साध्या लॅपटॉपवरून कोरी सही दाखवून आत शिरू शकत होतं. सही रिकामी तर नाही ना, हे तपासणारी कोडमधली ओळच गायब होती. कुणी काढली, ते तिनं जुन्या नोंदींत पाहिलं. दोन वर्षांपूर्वी, काम झटपट व्हावं म्हणून. नाव तिचंच होतं.

ओळ परत घालायला चार मिनिटं लागली. मग तिनं पुण्याला कुलदीपला फोन लावला. सगळ्या कामाची सूत्रं त्याच्याकडं होती.

“नव्या आवृत्तीत गुपचूप जाऊ दे,” तो म्हणाला. “बोभाटा नको.”

“मग जुनी वापरणाऱ्यांना कळणार कसं?”

“सोमवारी तुझी नोकरीची मुलाखत आहे, श्रावस्ती. हेच काम पाहून बोलावलंय त्यांनी तुला.”

तिनं फोन ठेवला.

उंबऱ्याशी तूर निवडत बसलेल्या जाईबाईनं मान वर केली. “काय झालं गं?”

“माझ्या हातनं चूक झाली, आई. लोकांची कुलपं उघडी पडलीत.”

“त्यान्ला ठाव हाय का?”

“न्हाय.”

“मंग बसलीस कशाला?”

श्रावस्तीनं पुन्हा फोन लावला. “बारा वाजता नवी आवृत्ती सोड. जाहीर सूचना मी लिहिते. माझ्या नावानं.”

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. “सोडतो,” कुलदीप म्हणाला.

सूचनेत तिनं आडपडदा ठेवला नाही. ‘ही ओळ मी काढली होती. आजच्या आज नवी आवृत्ती घ्या.’ खाली पूर्ण नाव, आणि गाव तेर. बाराच्या ठोक्याला पाठवून दिली.

पहिलं उत्तर आलं ती शिवीच होती. दुसरंही तसंच. तिसरं कुठल्याशा दवाखान्यातून, एकाच शब्दाचं, ‘बदललं.’

“काय म्हनत्यात?” जाईबाईनं विचारलं.

“बदलायला लागलेत.”

श्रावस्तीनं पाठ ताठ केली आणि ती ओळ काढली त्याच साली स्वतः लिहिलेली पुढची फाईल उघडली. पहिल्या ओळीपासून तपासायला घेतली.