अडलेला शब्द

तिच्या औषधाच्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी रोज बाबांचा फोन यायचा.

"अगं, शब्दकोड्यात एकच शब्द अडलाय. समुद्रात वाट दाखवतो, चार अक्षरी."

परवा मात्र तिचं डोकंच फिरलं. "दीपस्तंभ! एवढंही सुचत नाही का हो बाबा? इथे गिऱ्हाइकं खोळंबलीत माझी. उत्तरं उद्याच्या पेपरात येतात ना, ती बघत जा!"

"बरं बरं," म्हणून बाबांनी फोन ठेवला.

काल फोन आला नाही. आजही नाही. तिला चैन पडेना. शेवटी एखादा शब्द अडल्याचं सोंग करून आपणच फोन करावा, म्हणून तिने पेपर आणवला आणि कोड्याचं पान उघडलं.



चौकटीखाली बारीक अक्षरांत कोडं रचणाऱ्याचं नाव छापलं होतं. बाबांचं.