नकाराचं काम

मालकांनी खोलीतल्या पडद्याचं कापड दोन बोटांत धरून चोळलं. दोन धुण्यांत विरणारा माल. "वा," ते म्हणाले, "काय सुंदर पडदा लावलाय."

मॅनेजरबाई खुलल्या, मुलगा खुलला. मुलीने तर बाबांचा दंडच धरला. सगळं घर वसाहत बघायला आलं होतं: मालक, मालकीणबाई आणि दोन्ही मुलं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवृत्तांची वसाहत म्हणायचं, असं मुलाने गाडीतच बजावलं होतं. आणि जबरदस्ती कसलीच नव्हती. दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी विषय संपला, पुन्हा काढायचा नाही, हे मुलांनी आपल्या तोंडाने कबूल केलं होतं.

म्हणून तर मालक निर्धास्त होते. त्यांना कुठेही जायचं नव्हतं. वर घर, खाली चादरी-पडद्यांचं दुकान. दुकान आता दुसऱ्याला चालवायला दिलं होतं, तरी संध्याकाळी पायरीवर खुर्ची टाकून बसलं की येणारा-जाणारा 'काय मालक' म्हणून थांबायचा. ते सगळं सोडून ओळख ना पाळख अशा माणसांत येऊन काय करायचं, माशा मारायच्या?

सकाळी निघताना जिन्यातच ठरलं होतं. "मी आपला छान छान म्हणत राहीन, शेवटी तू नाही म्हण," मालक म्हणाले होते, आणि मालकीणबाईंनी कुलूप लावता लावता मान डोलावली होती. यात नवीन काहीच नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मालक म्हणायचे, "माझं काही नाही हो, हिला विचारा." आणि ही गल्ल्यावरून मान वर न करता म्हणायची, "परवडत नाही." मुलांच्या सहली, सायकली, मुक्काम वाढवू बघणारे पाहुणे, सगळ्यांना तीच वाट. मालक मऊ आणि मालकीणबाई खडूस, असं अख्ख्या बाजाराचं मत होतं. मालकांनी ते कधी खोडून काढलं नाही.

तेव्हा आज त्यांची जीभ मोकाट सुटली होती. बागेत त्यांनी हवेचं कौतुक केलं. जेवणघरात अळणी सूप मागून घेऊन प्यायले. न्हाणीघरातल्या आधाराच्या दांडीला धरून उठून-बसून दाखवलं.

"बाबा तयार होणार हे माहीतच होतं रे," मुलगी भावाला म्हणाली. "धास्ती आईचीच होती."

ते मालकांना ऐकू आलं आणि बरंही वाटलं.

मालकीणबाई फारसं बोलत नव्हत्या. जेवण झाल्यावर त्या आपलं ताट उचलायला उठल्या, तर तिथली वाढणारी बाई म्हणाली, "बसा हो, ते माझं काम आहे." त्या पुन्हा बसल्या आणि ताट जाताना बघत राहिल्या.

खोलीत परत आल्यावर मुलाने घसा साफ केला. "बोल आई. आता तू म्हणशील तसं."

मालक खिडकीबाहेर बघत उभे राहिले. अशा वेळी आपलं तोंड दुसरीकडे असलेलं बरं, हा दुकानातला जुना अनुभव.

"मला आवडलं," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या बाबांना तर फारच आवडलंय. यायचं आम्ही."

मालक गर्रकन वळले. ती चेष्टा करत नव्हती. मुलगी आईच्या गळ्यात पडली, मॅनेजरबाईंनी दोघांना नमस्कार केला आणि सगळी वरात ऑफिसकडे निघाली. खोलीत दोघंच उरली. आयुष्यभर जिच्या आडोशाला उभं राहिलो, तीच बाजूला सरकली, तीही भर बाजारात. मुलांनी असं केलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

"अगं, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं खरं." मालकीणबाई पलंगाच्या कडेला टेकल्या.

"दगा दिलास तू मला."

"दिला." त्यांचा आवाज चढला नाही. "दमले हो मी. सगळ्यांना नाही म्हणून म्हणून दमले. पोटच्या पोरांना माझी धास्ती वाटते. मघाशी ऐकलंत ना?"

मालक पुन्हा पडद्याची कड चाचपायला लागले.

"तुम्हाला नको आहे ना इथे? मग तुम्ही सांगा. मी मुकाट्याने घरी येईन, चकार शब्द काढणार नाही. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

तेवढ्यात मुलगी परत आली. दारातच थांबली. "बाबा, खरं सांगा हं. नक्की ना? मनात काही असेल तर आत्ताच बोला, अजून काहीच बिघडलेलं नाही."

मालकांनी तोंड उघडलं. शब्द एवढासा होता, रोज कानावरून गेलेला. घशापर्यंत आलाही. पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता, आणि तो आपल्या बोलण्याने पडताना मालकांनी आजवर कधी पाहिला नव्हता.

सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, वाट बघत होती.

"छे गं," मालक हसून म्हणाले, "मनात काय असायचंय? फारच छान आहे."